नवसाबाईचं ताट

नवसाबाईच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा नदीकाठी जमलेल्या प्रत्येकाने आपापली अक्कल पाजळून घेतली. कुणी म्हणालं, तिची गाय विकणार नाही असं सांगा. कुणी म्हणालं, तुळशीला पाणी घालू म्हणा. थोरल्या जावेने तर स्वतःच्या नातवाच्या लग्नाचा शब्द देऊन टाकला, ज्याचा नवसाबाईशी काडीचा संबंध नव्हता. पिंपळावर कावळ्यांची कमी नव्हती, पण एकाची मान खाली वळेल तर शपथ. ऊन चढलं. माणसांच्या पोटात कावळे ओरडायला लागले आणि झाडावरचे मात्र गप्प.

शेवटी धोंडीराम उठला. नवसाबाईचा नवरा. गोदाकाठचा शेतकरी, सगळा जन्म विंचूरच्या बाजारात कांदा घालण्यात गेलेला, बोलण्यात अगदीच कंजूष. पिंडासमोर हात जोडून तो म्हणाला, "दर्या दाखवीन तुला. आन् तिथं पोटभर जेवू घालीन."

वरून एक कावळा सरळ खाली उतरला.

बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या सरिताला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, तिथेच रडू फुटलं. आई गेल्यापासून ती रडली नव्हती असं नाही, पण हे रडू वेगळं होतं. अण्णांना हे ठाऊक होतं! आई दर्याचं बोलायची तेव्हा अण्णा ऐकत होते तर!

कारण ऐकत असल्याची खूण त्यांनी कधी दाखवली नव्हती. सरिता लग्न करून नाशिक रोडला आली. नवरा धनराज तिथल्या प्रेसमध्ये नोकरीला, राहायला क्वार्टर. नवसाबाई लेकीकडे चार दिवस विश्रांतीला म्हणून यायची आणि शेजारच्या केळसकरकाकूंच्या पायरीवर जाऊन बसायची. काकूंचं माहेर श्रीवर्धनकडचं. त्यांचे तांदूळ निवडून देता देता नवसाबाई एकेक गोष्ट काढून घ्यायची. रेती पायाला चावती का? समुद्राजवळ झोप कशी लागती? नारळाचं दूध काढता म्हणजे काय करता? कुठल्या गावात मोदक चांगले, कुठे घावनं, डोंगराला समुद्रातून प्रदक्षिणा कुठे घालतात, सगळं तिला पाठ झालं होतं. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासळीचा प्रश्नच नव्हता; पण बिनमासळीचं कोकण तिने पायरीवर बसल्या बसल्या पुरतं जेवून घेतलं होतं.

गावी परतली की चुलीपुढे ती हे सगळं धोंडीरामाला सांगायची. तो "हं" म्हणायचा. त्याने पहिला घास घेतला की ती विचारायची, "मीठ बराबर हाय का?" त्यावर तो "हं"ही म्हणायचा नाही. जेवायचा, ताटात हात धुवायचा आणि उठायचा. मग ती जेवायला बसायची, आणि मीठ कसं होतं ते तिचं तिलाच कळायचं. माणूस वाईट नव्हता हो. त्याच्या बापानेही कधी उत्तर दिलं नव्हतं, एवढंच. बाजाराला निघाले की धोंडीराम पुढे, आणि डोक्यावर पाटी घेऊन नवसाबाई मागे. ती येतेय की नाही हे वळून बघायची पद्धत त्या घरात नव्हती.

ती गेली आणि धोंडीरामाचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. सरिता गावी जाऊन राहिली, पिठलं केलं, वांग्याचं भरीत केलं. तो अर्धी भाकरी मोडायचा आणि ताट सरकवायचा. "आधी तिला जेवू घालतो," म्हणायचा, "मग माझं बघू." सदरा अंगावर लोंबायला लागला. सरिताला भीती वाटू लागली, आणि ती भीती अगदी साधी होती: असंच चाललं तर वर्षाच्या आत अण्णाही जातील.

वैशाखात कांदा साठवणीच्या चाळीत पडला आणि दुसऱ्याच दिवशी धोंडीराम नाशिक रोडच्या क्वार्टरच्या दारात उभा राहिला. बरोबर कांद्याची गोण, पळसाच्या पानांचा एक द्रोण, कापसाची वात आणि तुपाची डबी.

"चला," तो म्हणाला. "गंगा जिथं दर्याला मिळती, तिथं दिवा सोडायचा. तुझी माय त्याच वाटंनं गेली. तिथं भेटंल."

आता नाशिककडचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणतो ते शाळेच्या पुस्तकात. एरवी ती गंगाच. नवसाबाईची राख रामकुंडात सोडली होती. पाणी ती घेऊन गेलं ते धोंडीरामाने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सरिता दहावीपर्यंत शिकली होती. भिंतीवरच्या नकाशात तिने त्या नदीवरून बोट फिरवलं होतं, आणि ते बोट कोकणाकडे कधीच गेलं नव्हतं.

"अण्णा," ती चाचरत म्हणाली, "गंगा तर उगवतीकडे जाते ना?"

"उगवतीकडं तोंड करून निघाली म्हणून काय झालं? रुसून म्हायेराला निघालेली बाई बी सांजच्याला घरीच येती. त्र्यंबकच्या डोंगरापल्याड कोकण हाय. एवढा हाताशी दर्या सोडून ती कशाला लांब मरायला जाईल?"

धनराजने बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की खरं काय ते सांगून टाक. सरिता म्हणाली, तिथे गेल्यावर सांगू. आणि मित्राची मारुती व्हॅन मागून घेऊन तिघं निघाले.

घाट उतरल्यावर हवा बदलली. अंगाला चिकटणारी, ओलसर, आंब्याच्या वासाची हवा. दिवेआगरला ते पोचले तेव्हा दुपार कलत होती. सुपारीच्या बागेतून आत जाणारी पायवाट, दोन्ही बाजूंना सरळ उंच खोडं, खाली गार सावली, आणि कुठून तरी, दिसत नसलेल्या बाजूने, एकसारखा घुमणारा आवाज. धोंडीराम थांबला.

"ह्यो काय वाजतोय?"

"समुद्र, अण्णा."

तो बराच वेळ ऐकत उभा राहिला. त्या हिरव्या अंधारात सरिताला एकदा वाटलं, की पुढच्या खोडाआड आईच्या लुगड्याचा काठ दिसला. तिने पापण्या मिटून उघडल्या. तिथे पाटाचं पाणी चमकत होतं.

बागेच्या टोकाला एका घराच्या ओटीवर जेवायची सोय होती. धोंडीरामाने आधी घरच्या बाईंना शेरभर कांदे दिले. दुसऱ्याच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नसतं. मग म्हणाला, "पानं चार वाढा." तिघांत चार पानं बघून बाई चमकल्या, पण चार पानं घेऊन आल्या. चौथं पान त्याने आपल्या शेजारी मांडलं. उकडीचे मोदक आले, वर तुपाची धार. त्याने शेजारच्या पानावरचा मोदक हलक्या हाताने फोडला, आतलं गूळखोबरं दिसू दिलं, आणि हळूच म्हणाला, "हेच ते. केळसकरीण सांगत व्हती ते."

मग तो स्वतः जेवू लागला. सरिता बघत राहिली. एक मोदक संपला. अण्णांनी हात पुढे करून दुसरा घेतला.

आता प्रश्न चौथ्या पानाचा. अन्न टाकायचं नाही, हा घरचा नियम. धोंडीराम जावयाकडे वळला. "पाव्हणं, हे तुमच्याकडं." धनराज अंगापिंडाने मुळातच भरलेला, आणि वाटेत पापलेटाच्या पाट्या वाचून वाचून बिचाऱ्याचा जीव कासावीस झालेला. सासूबाईंच्या माळेचा मान राखून त्याने मासळीला हात लावला नव्हता. त्याची भरपाई त्याने सासूबाईंच्याच पानावर केली.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांतून बाहेर पडल्यावर समोर सगळं उघडं झालं. एवढं पाणी बघून धोंडीरामाने आधी चपला काढल्या. पुढे जाऊन त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग त्याने द्रोण काढला, आणि डावीउजवीकडे बघितलं.

"गंगा कुठं मिळती?"

सांगायची हीच वेळ होती. सरिताने तोंड उघडलंही. पण तिला अण्णांच्या ओठाच्या कोपऱ्यात गुळाचा कण दिसला.

"पुढं, अण्णा," ती म्हणाली. "अजून पुढं आहे."

खोटं एकदा बोललं की त्याला सोबत लागते. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला, विहिरीवरच्या रहाटाजवळ एका पडवीत, जाळीदार घावनं आणि नारळाच्या दुधाचा गोड रस. चौथं पान मांडलं गेलं. "दूध काढत्यात ते असं," धोंडीराम त्या पानाला समजावून सांगत होता, "नारळाचा कीस पिळून. धार काढत न्हाईत." आणि स्वतःच हसला. त्याचं ते हसू सरिताने कितीतरी महिन्यांनी पाहिलं. जेवण झाल्यावर त्याने विचारलं, गंगा कुठं? सरिता म्हणाली, पुढं.

हरिहरेश्वरला देवळामागच्या पायऱ्या उतरून ते प्रदक्षिणेच्या वाटेवर गेले. एका बाजूला डोंगराचा कातळ, लाटांनी खाऊन खाऊन त्यात खळगे पाडलेले, आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. धोंडीराम पुढे, मागे सरिता, तिच्या मागे घाम पुसत धनराज. ओल्या खडकावरून चालताना सरिताला पुन्हा वाटलं की आपल्या तिघांच्या पावलांत चौथंही पाऊल वाजतंय. तिला भीती वाटली नाही. उलट फार बरं वाटलं. वर आल्यावर वालाचं बिरडं, भात आणि गुलाबी सोलकढी. धोंडीरामाने भाताचा डोंगर बघून सुस्कारा टाकला, "भातानं पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाय," आणि तो डोंगर सगळाच्या सगळा संपवला.

"पुढं?" त्याने विचारलं.

"पुढं."

"अगं, पुढे म्हणजे कुठे?" धनराज कुजबुजला. "माझी रजा संपत आली. आणि माझी विजार पोटावर बसेना."

"अहो, ते जेवतायत," सरिता एवढंच म्हणाली.

बागमांडल्याला व्हॅन ठेवून ते लाँचमध्ये बसले. रुंद खाडी, हिरवट पाणी, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि समोर जिथे डोंगर संपतात तिथे लख्ख उजेड. धोंडीराम उठून उभा राहिला. नदी दर्याला मिळताना त्याने पहिल्यांदाच पाहिली. त्याने वाकून पाण्यात हात घातला, तो कपाळाला लावला आणि लाँचवाल्याला विचारलं, "हीच का गंगा?"

"ही सावित्री, आजोबा."

धोंडीरामाने सरिताकडे पाहिलं. सरिता पलीकडच्या किनाऱ्याकडे बघत होती. "मग अजून म्होरं असंल," तो म्हणाला, आणि पिशवीतला द्रोण दबला तर नाही ना, हे चाचपून पुन्हा खाली बसला.

पलीकडे बाणकोटच्या बाजूला, वळणावळणाच्या वाटेने डोंगर ओलांडून ते एका वाडीत उतरले. मोजकी घरं, माडांची रांग आणि पुढे पांढरी रेती. शेवटचं घर बिवलकरांचं. नवरा-बायको दोघंच, मुलगे मुंबईला. येणाऱ्या-जाणाऱ्याला काकू जेवायला घालत आणि काका गप्पा मारत. काकूंनी चूल पेटवली. कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, तांदळाची भाकरी. भाकरी म्हटल्यावर धोंडीरामाचा चेहरा उजळला.

कांदे बघून काका म्हणाले, "वा! कुठले हो तुम्ही?"

"नाशिककडचे. गंगाकाठचे."

"गंगा म्हणजे गोदावरी ना? अहो, तुमच्या नदीवर आमचा राग आहे," काका मोठ्याने हसले. "जन्मते आमच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि आम्हाला पाठ दाखवून जाते कुठे, तर पार आंध्रात! सगळा देश तुडवत पलीकडच्या समुद्राला. काय कमी होतं हो आमच्यात?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. धनराज उगाचच खोकला. काकांना बिचाऱ्यांना कळेना, आपण काय चुकीचं बोललो.

"पलीकडचा म्हंजे?" धोंडीरामाने विचारलं. "दर्या दोन हायेत?"

"हो तर. हा मावळतीचा, तो उगवतीचा."

धोंडीराम उठला. पिशवी घेतली आणि अंगणातून सरळ किनाऱ्याकडे चालू लागला. सरिताला वाटलं, संपलं. एवढे दिवस घासाघासाने जे जमवलं होतं, ते आपल्याच खोटेपणाने बुडालं. चप्पलही न घालता ती मागे धावली.

ऊन उतरलं होतं. ओल्या रेतीवर अण्णांच्या पावलांचे ठसे उमटत होते आणि ती नकळत त्यांच्यातच पाऊल ठेवत चालली होती. आई अशीच चालायची. बाजाराच्या धुळीत ते ठसे कुणाला दिसले नसते. इथे स्वच्छ दिसत होते.

धोंडीराम थांबला. मागे वळला. त्याने आधी लेकीकडे पाहिलं, मग खाली, स्वतःच्या ठशांवर पडलेल्या तिच्या पावलांकडे.

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही जेवत होता, अण्णा." सरिताला हुंदका आवरेना. "आईच्या पानाशेजारी बसून तुम्ही पोटभर जेवत होता. मला ते मोडायचं नव्हतं. मला तुम्ही पाहिजेत."

धोंडीराम रेतीवर बसला. तीही थोड्या अंतरावर बसली. लाट येत होती, त्याच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचून परत फिरत होती. सूर्य खाली आला होता आणि सगळं पाणी हळदीसारखं पिवळं झालं होतं.

"लय लांबची वाट म्हणायची," शेवटी तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "सगळा मुलूख तुडवत. म्हंजे ती अजून वाटंतच असंल."

"असेल."

"मी म्होरं येऊन बसलो, आन् ती मागंच. न्हेमीसारखं." त्याने पंच्याने डोळे पुसले. "जल्मभर कधी थांबलो नाय गं तिच्यासाठी. डोक्यावर पाटी घेऊन कशी येत आसंल, बघितलं नाय कधी. आता बसतो थांबून. येऊ दे तिला सावकाश."

त्याने पिशवीतून द्रोण काढला, पाहिला आणि परत ठेवला. "दिवा हितं नाय सोडायचा. घरी गेल्यावर गंगंतच सोडू. सांगू तिला, घाई करू नको म्हणावं."

ते परत आले तेव्हा काकूंनी पडवीत चार पानं मांडली होती. चौथ्याचं त्यांना धनराजने सांगून ठेवलं होतं. धनराज सवयीने चौथ्या पानाजवळच बसला होता.

"पाव्हणं, उठा," धोंडीराम म्हणाला. "आज तुमचा नंबर नाय."

धनराज गोंधळून उठला. धोंडीरामाने सरिताचं मनगट धरलं आणि तिला त्या पानावर बसवलं.

"अण्णा, मी मागनं बसते. काकूंना वाढू तरी लागते."

"तू बस. मी वाढतो."

काकूंच्या हातातली पळी त्याने काढून घेतली. सहासष्ट वर्षांच्या माणसाने त्याआधी कधी पळी धरली नसावी. पहिलं पिठलं पानावर कमी आणि जमिनीवर जास्त सांडलं. काका हसले, काकूंनी डोळे वटारले. धोंडीरामाने भाकरी मोडून दिली, भाजी घातली, आणि मग स्वतः न बसता पळी हातात धरून तिच्यासमोर उभा राहिला. धनराजही उभा. दोन पुरुष उपाशी उभे आणि आपण एकटीच जेवायला बसलेली, हे सरिताच्या अंगवळणी नव्हतं. तिला घास उचलवेना.

"खा," धोंडीराम म्हणाला.

तिने घास घेतला. पिठलं गरम होतं, कोकमाने आंबटसर होतं.

"मीठ बराबर हाय का?"

सरिताने वर पाहिलं. अण्णा वाकून तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि उत्तर येईपर्यंत ते हलणार नव्हते. हा प्रश्न तिने लहानपणापासून दर संध्याकाळी ऐकला होता, आणि त्याला उत्तर असतं हे तिला आज कळत होतं.

"बराबर हाय, अण्णा," ती म्हणाली. "अगदी बराबर हाय."

धोंडीराम पडवीच्या कडेला गेला. माडांच्या पलीकडे अंधुक झालेल्या पाण्याकडे तोंड करून, शेतातून घरी हाक मारावी तेवढ्या मोठ्याने तो ओरडला, "ऐकलं का गं? बराबर हाय म्हणती!"

मग तो परत आला, आणि त्याने सरिताच्या पानावर अजून थोडं पिठलं वाढलं.